आखाजी ते आखाजी : एका घराच्या कामाची वही

चोपडा तालुक्यातलं एक गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, दक्षिणेला तापी, मधे काळी जमीन. या गावातलं एक घर माझी सासुरवाडी आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. मी बँकेत शेतीकर्जाचं काम पाहतो. जावई आणि बँकवाला, दोघांनाही बसायला पाट मिळतो आणि खरं काही कळू दिलं जात नाही. तरी या घरात एक वर्षभर जे झालं ते मला पानोपानी वाचायला मिळालं, कारण ते वहीत उतरत होतं. वहीची कल्पना माझी. तिच्यातून जे बरं निघालं आणि जे वाईट निघालं, त्यातलं निदान एक वाईट माझ्याच खात्यावर आहे.

घर

जमीन नऊ एकर. चार एकर केळी, चार एकर कापूस, उरलेल्या एकरात दादर ज्वारी, थोडा मका, गुरांचा चारा. विहीर आहे, ठिबक आहे. गोठ्यात दोन म्हशी. केळीत दोन एकर टिश्यूकल्चरची नवी मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली बाग, लावायची होती. दोन एकर जुनी पिलबाग होती, म्हणजे आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी या घरात कुणीतरी वाचून दाखवली होती. व्यापारी मात्र आजही बुऱ्हाणपूरचा भाव सांगूनच घड मोजतो.

घरात चार माणसं. आप्पा, म्हणजे माझ्या बायकोचे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. नाना, माझे सासरे. सासूबाईंना सगळं घर माय म्हणतं, मीही म्हणतो. आणि शालक, सत्तावीस वर्षांचा, डिप्लोमा करून चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. महिना बावीस हजार, त्यातले खोलीभाडं आणि डबा जाऊन जे उरायचं ते गावी येण्याजाण्यात संपायचं. तो परत आला होता, पण शेती करायला आलोय असं म्हणायला तयार नव्हता. ‘सध्या घरी आहे,’ असं म्हणायचा.

पाचवा माणूस सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, सहा वर्षांपासून याच घरी. त्याला चार माणसांत धरायचं की नाही हा प्रश्नही पुढे वहीनेच काढला.

आखाजीची बैठक

इतर महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो. खान्देशात त्या दिवशी वर्ष सुरू होतं. पितरांची घागर भरायची, सांजोऱ्या तळायच्या, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसतात, पुरुष सावलीत पत्ते कुटतात, आणि सालदाराचं साल संपून नवं ठरतं. २२ एप्रिल २०२३ ला आखाजी होती. मी जेवायला गेलो होतो.

सालदाराने सव्वा लाख सांगितले, वर धान्य आणि दोन वेळची भाकरी. नाना एक लाख दहावर अडले होते. शेवटी सव्वा लाखावर सुपारी फुटली. तो गेल्यावर शालक म्हणाला, ‘घरात सगळ्यात पक्का पगार सालदाराचा. मग मालक कोण?’ आणि त्याने मनातलं बाहेर काढलं: नऊच्या नऊ एकर नफ्याने देऊन टाका. नफ्याने म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम घेऊन जमीन दुसऱ्याला कसायला देणं. पाण्याच्या जमिनीला तेव्हा त्या भागात एकरी पस्तीस हजार सहज मिळत होते. तीन लाख पंधरा हजार, घरबसल्या. नानांनी हातातला ग्लास खाली ठेवला. आप्पा नुसते म्हणाले, ‘वावरले धनीना पाय लागाले जोयजे.’ शेताला मालकाचे पाय लागले पाहिजेत.

भांडण वाढायला नको म्हणून मी बोलून गेलो. मला विचारलं नव्हतं. म्हटलं, या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत रोज रात्री लिहा. कोण, कुठलं काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. पैसा वेगळ्या पानावर. वर्षाने बसू आणि मग ठरवू. शालकाला हे पटलं, कारण कारखान्यात शिफ्टचा हिशेब तो असाच ठेवायचा. नाना म्हणाले, ‘इतलं लिखीसनी केयना भाव वाढी का?’ एवढं लिहून केळीचा भाव वाढणार का?

माझ्या डोक्यात यामागे एक जुनी गोष्ट होती. कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च तीन पायऱ्यांनी मोजतो. खिशातून गेलेला पैसा तो ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरली की ए-२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज चढवलं की सी-२. सरकार हमीभाव दीडपट देतो म्हणतं ते मधल्या पायरीवर, शेतकरी संघटना भांडतात ते तिसरीवर. पीककर्जाच्या फॉर्ममध्ये मी वर्षानुवर्षं पहिलीच पायरी भरून घेत आलोय. घरच्या श्रमाचा रकानाच नाही. तो एकदा भरून पाहावा असं फार दिवस वाटत होतं. दुसऱ्याच्या घरात, अर्थात.

धोंड्याचा महिना

पहिले तीन महिने वही शालकाने त्याच्या नजरेने लिहिली. नाना: ठिबक, खत सोडणे, ट्रॅक्टरवाल्यामागे उभे राहणे. सालदार: सगळंच. स्वतः: रात्रीची मोटर. शेतीच्या विजेची पाळी आठवड्याने फिरते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी असली की कुणीतरी बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. त्या पट्ट्यात बिबट्याची भीती खोटी नाही आणि साप तर घरचेच. शालकाने स्टार्टरला मोबाईलचं यंत्र बसवलं, पण फेज उडाला की यंत्राचा उपयोग नाही, माणूस लागतोच. या रात्री त्याने तासासहित लिहिल्या, आणि लिहिल्यामुळेच की काय, त्या त्याला कारखान्याच्या नाइट शिफ्टसारख्या वाटू लागल्या. म्हणजे जरा मानाच्या.

आप्पांच्या पानावर रोज एकच नोंद: ‘फिरणे, पहाटे, दीड-दोन तास.’ मायच्या नावाचं पानच नव्हतं.

२०२३ साली श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे खायला बोलवतात. मी गेलो, खाल्ले, वही मागितली. बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने भावाला विचारलं, ‘सालदाराची भाकरी कोण करतं? शेण कोण काढतं? निंदणीच्या बायका कुणासोबत वावरात असतात?’ शालक म्हणाला, ते काय, घरचं काम. माय स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘मन्हं काय लिखस, मी ते घरमाच ऱ्हास.’ माझं काय लिहितोस, मी तर घरातच असते.

तर त्या दिवसापासून मायचं पान सुरू झालं, आणि पहिल्याच रात्री अडलं. मायला तास सांगता येईनात. तिचा दिवस घड्याळावर नाही. कोंबडा आरवण्याआधी उठणं, दूधवाला येण्याआधी धारा, शाळेची घंटा होईतो भाकरी, बायका वावरात उतरल्या की मागोमाग ती. बायकोने दोन दिवस आईच्या मागे मोबाईल घेऊन हिंडून या खुणांना तास जोडून दिले. कोंबडा म्हणजे साडेचार, दूधवाला साडेसहा. पुढे शालक रोज रात्री खुणा विचारून तास मांडायचा. पहिल्या तीन महिन्यांचे तास मागाहून अंदाजाने भरलेत, हे सांगायला हवं. ते आकडे कच्चे आहेत.

त्याच मुक्कामात आप्पांच्या ‘फिरणे’ या शब्दाचा अर्थही कळला. जुलैभर ढग होते. मृगबाग लावून महिना झाला होता. एका पहाटे आप्पा बांधाकडच्या ओळीत थांबले आणि काठीने एक रोप दाखवलं: पानावर पिवळसर पट्टे, पोंगा वाकडा. हरण्या. शास्त्रीय नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा तो पसरवतो. ढगाळ, दमट हवा त्याला मानवते, आणि काकडीवर्गीय वेल जवळ असले तर घरच झालं. शेजाऱ्याच्या बांधालगत गिलक्याचे वेल होतेच. औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं, लांब नेऊन पुरायचं, मावा मारायचा. एक रोप सोळा रुपयांचं. उपटताना हात थांबतो, म्हणून बरेच जण ‘बघू आठ दिवस’ म्हणतात. आप्पांनी त्याच सकाळी अकरा रोपं उपटायला लावली, पुढच्या पंधरा दिवसांत आणखी बत्तीस. साडेतीन हजारांतली त्रेचाळीस गेली, बाकी बाग राहिली. गावात काहींना निम्मी बाग मोडावी लागली. वहीत त्या सकाळची नोंद मी पाहिली: ‘आप्पा, फिरणे, दोन तास.’ शालकाने नंतर ‘फिरणे’ खोडून ‘पाहणी’ लिहिलं. मला स्वतःला फिरणेच बरं वाटतं. पाहणी आमचे बँकवाले करतात.

ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वात कोरडा ऑगस्ट होता. केळी ठिबकावर तगली. कापसाची पाती गळली, आणि पुढे वेचणीच्या ऐन दिवसांत अवकाळीने फुटलेलं बोंड भिजवलं. चार एकरांत सव्वीस क्विंटल निघाला. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता. घरच्या कापसाला सरासरी ६,९०० मिळाले, तेही नानांनी दोन महिने पुढच्या खोलीत गंजी लावून वाट पाहिल्यावर. खोलीत झोपणाऱ्या शालकाला अंगभर खाज, ही नोंद वहीत नाही. मला त्याने तोंडी सांगितली.

साडेतेरा रुपये

१० मे २०२४ ला पुन्हा आखाजी. अधिक महिन्यामुळे हे साल ३८४ दिवसांचं झालं होतं. सालदाराने आधीच तो विषय काढला होता: आखाजी ते आखाजी ठरलं खरं, पण एरवी बारा महिने, यंदा तेरा. नानांचं म्हणणं, साल म्हणजे साल. शेवटी आठ हजार आणि गव्हाचं एक पोतं जास्त दिलं. महिन्याचा हिशेब दहा हजारांवर जातो, म्हणजे त्याला कमीच मिळाले. मी जावई असल्याने गप्प राहिलो, आणि ते मला नीट वाटत नाही.

मग वही उघडली. शेती आणि गोठ्याचे मिळून तास असे: सालदार २,६९०. नाना २,३१०. माय २,१३०, त्यात १,०१० गोठ्याचे. शालक १,९४०. आप्पा ६१०. मायच्या घरकामाचे आणखी २,०५० वेगळे. ते मिळवले की माय सगळ्यांच्या पुढे, दिवसाला जवळजवळ अकरा तास, ३८४ दिवस, सणवार धरून. तिचं घरकाम रोजचं सव्वापाच तासांच्या वर जात होतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बायकांच्या बिनमोल घरकामाचे रोजचे २९९ मिनिटं आले होते, पुरुषांचे ९७. माय त्या सरासरीच्या थोडी पुढे. नानांचे घरकामाचे मिनिट लिहायला शालकाला काही सापडलं नाही.

पैशाचं पान. केळी, कापूस, मका, दूध, सगळी आवक धरून आणि खिशातून गेलेला प्रत्येक रुपया वजा करून उरले चार लाख दहा हजार. शालकाने त्यातून नफ्याचे तीन लाख पंधरा हजार वजा केले, कारण काहीच न करता तेवढे मिळालेच असते. त्याला ठाऊक नसताना त्याने जमिनीचा खंड धरला होता, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या दिशेनेच निघाला होता. उरले पंच्याण्णव हजार. घरच्या चौघांचे शेतीचे तास ६,९९०. भागाकार केला: तासाला साडेतेरा रुपये.

निंदायला येणारी बाई तेव्हा अडीचशे रुपये रोज घेत होती, सहा तासांचा, म्हणजे तासाला चाळीस. सालदाराचे, भाकरी आणि धान्य सोडून, जवळपास पन्नास. नानांनी दोनदा आकडा विचारून घेतला. ‘रोजनी बाईले चाळीस, अन् माले साडेतेरा?’ कुणी हसलं नाही.

इथे बँकवाला म्हणून मी काही दुरुस्त्या सांगितल्या. घरात खाल्लेली दादर, डाळ, दूध धरलेलं नाही. उभी मृगबाग धरलेली नाही, तिचा खर्च या सालात पडला आणि घड पुढच्या सालात कापले जातील. ते धरलं तर आकडा दुपटीच्याही वर जातो. पण चाळीस गाठणं अवघड. कागदावर शालक बरोबर होता. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. शेतीवर प्रेम असणाऱ्या लोकांना हा भागाकार आवडत नाही, ते लगेच मातीचं ऋण वगैरे काढतात. साडेतेरा रुपयांनी राबणारा माणूस ऋणको कसा, हे मला कुणी समजावलेलं नाही.

मग नफ्याने दिली का? नाही. आणि गंमत म्हणजे अडवलं शालकानेच. तो म्हणाला, केळीचे तास आणि कापसाचे तास वेगळे काढू. काढले. केळीला बरा दाम पडत होता, कापूस सगळं खात होता. चार एकर कापसाची जमीन सोडायची, केळी घरी ठेवायची, असा विचार पुढे आला. ती चार एकर कुणाला द्यायची यावर बोलणं चाललं असताना सालदार, जो ओसरीच्या कडेला बसून ऐकत होता, म्हणाला की मला बटाईने द्या. बी-खत निम्मं, माल निम्मा, श्रम माझे आणि बायकोचे. नानांना हे पचायला आठ दिवस लागले. आप्पांनी एका वाक्यात संपवलं: सहा वर्षं त्या वावराला त्याचेच पाय लागलेत.

शालकाच्या लग्नाचा प्रश्न यातून सुटला नाही. वही दाखवून मुलगी मिळत नाही. स्वतः दहा एकरवाले बापही नोकरीवालाच मागतात, त्यात मीही त्याच रांगेतून आलेलो.

म्हैस

आता माझ्या खात्यावरचं. मायचे अकरा तास ऐकून सगळेच वरमले होते. काही तरी कमी करू, असं ठरलं. मी आकडे पाहिले: गोठ्याचे १,०१० तास, आणि दोन म्हशींतली थोरली तीन लिटरवर आलेली. सरकी पेंड, चारा धरला तर ती तोट्यात. मी म्हटलं, हिला विका, मायचे चारशे-पाचशे तास वाचतील. सगळ्यांना पटलं. मायला कुणी विचारलं नाही असं नाही. नानांनी विचारलं, ती म्हणाली, ‘तुम्हनं पटनं ते करा.’ याचा अर्थ आम्ही होकार घेतला. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, म्हैस अठ्ठेचाळीस हजाराला गेली आणि पैसे मृगबागेच्या खतात गेले.

पोळ्याला गेलो तेव्हा माय माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढलं. बायकोने रात्री सांगितलं. डेअरीचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो आणि ते पैसे मायच्या हातात येतात. केळीचा चेक नानांच्या खात्यावर, कापसाचे पैसे नानांच्या खात्यावर, सातबारा नानांच्या नावावर. दुधाचे तेवढे मायचे. त्यातून तिची भिशी, लेकीला आखाजीचं लुगडं, नातवंडाच्या हातावर ठेवायची नोट, भाचीच्या लग्नातला आहेर. म्हैस गेली तसा दहा दिवसांचा हिशेब निम्म्याच्या आसपास आला, भिशी बंद पडली. त्यातून ती म्हैस मायच्या माहेरून पारडी म्हणून आलेली होती.

सगळ्या वहीत तेच तास असे होते ज्यांचा पैसा राबणारीच्या हातात पडत होता, आणि ओझं म्हणून आम्ही नेमके तेच कमी केले. मला तासांचा रकाना दिसला. पैसे कुणाच्या हाती जातात हा रकाना मी वहीत घातलाच नव्हता. रोज शेतकऱ्यांची खाती उघडणाऱ्या माणसाने ही चूक करावी, यावर मी बरेच दिवस स्वतःशी चरफडत होतो. नानांशी मी सातबाऱ्यावर मायचं नाव लावण्याविषयी बोललो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली होती. तो काळ नानांना आठवत होता. ते नाही म्हणाले नाहीत. अजून झालेलंही नाही.

दिवाळीनंतर मृगबागेच्या घडांचे पैसे आले तेव्हा शालकाने वडिलांना न विचारता पंचवीस हजार काढून मायच्या हातात दिले. त्यावर बापलेकांत दोन दिवस अबोला. मायने ते पैसे मोडले नाहीत. साठवलेले काही त्यात घातले आणि भावाला सोबत घेऊन गुरांच्या बाजारात गेली. सहा महिन्यांची गाभण म्हैस घेऊन आली, कासेला हात लावून, दात पाहून, भाव तीनदा पाडून. मामा सांगत होते की व्यापारी शेवटी त्यांच्याशी बोलायचं सोडून मायशीच बोलायला लागला.

३० एप्रिल २०२५ च्या आखाजीला मी गेलो तेव्हा शालक नव्या वहीवर पानं आखत होता. बटाईदाराने यंदा स्वतःची वेगळी वही मागितली होती, त्याची मुलगी तेव्हा आठवीत होती, ती लिहिणार होती. नानांचं पान, आप्पांचं पान, त्याचं स्वतःचं. मायचं पान आखताना त्याने मधे रेघ मारली: वावर, घर, गोठा. माय सांजोऱ्यांचं ताट घेऊन आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, ‘गोठानं पान लिखू नको. ते मन्हं शे.’

शालकाने तिसरा रकाना खोडला. गोठ्यातून नवी म्हैस ओरडली तशी माय ताट तिथेच ठेवून उठली.